बंबाची गोष्ट कोणती वाचायची?

चार वर्षांच्या पोराला म्हणावं, "जा, झोपताना वाचायला एक पुस्तक घेऊन ये." डायनोसॉर, जेसीबी नाहीतर आगीचा बंब, ह्या तिघांपैकीच कोणीतरी येणार. जेसीबीवर पुन्हा कधीतरी लिहीन (त्या विषयावर माझ्याकडे बराच माल साठलाय). आज बंब.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात वीकेंड घालवून लिहिण्यासारखं काय आहे? लाल गाडी येते, शिडी लागते, पाणी उडतं, आग विझते, मांजर वाचतं, झोपा आता. पण गेल्या दोनेक वर्षांत मी घरी लेकीला आणि रविवारी सकाळी बिल्डिंगमधल्या पाच-सहा पोरांना अशी बरीच पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवली, आणि माझं मत असं झालंय की ह्यातली निम्मी तरी दुकानातच राहिलेली बरी. चित्रं वाईट म्हणून नव्हे, चित्रं झकास असतात. पण आगीच्या वेळी लहान मुलाने जे करू नये तेच ती पुस्तकं गुपचूप शिकवून जातात.

आणि आमच्याकडे हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. मी कामणला राहतो. ज्यांना हे कुठे आलं ते माहीत नाही त्यांच्यासाठी: अहमदाबाद हायवेवरून चिंचोटीला भिवंडीकडे वळलात की लागतं. वसई-दिवा लाइनवर 'कामण रोड' नावाचं स्टेशनसुद्धा आहे, पण गाड्या इतक्या मोजक्या की ते असून नसल्यासारखं. मागे तुंगारेश्वरचा डोंगर आणि कामणदुर्ग, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाळेच गाळे. प्लास्टिकचे दाणे, थर्माकोल, रंग, केमिकलचे पिंप, फोमच्या गाद्या, भंगार. ह्या सगळ्या मालाचा समान गुण कोणता ते सांगायला नको. वसईच्या पूर्वेला गाळ्याला आग लागली ही बातमी ऐकून इथे कोणी चहाचा कप खाली ठेवत नाही. उन्हाळ्यात त्यात डोंगरावरच्या वणव्याची भर. थोडक्यात काय, आमच्या पोरांनी डायनोसॉर पाहिलेला नाही, पण काळा धूर पाहिलेला आहे. शिवाय कान असतातच. २३ एप्रिल २०२१ ला विरारच्या एका कोविड हॉस्पिटलच्या आयसीयूत आग लागून पंधरा रुग्ण गेले, तेव्हा घरोघरी टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं आणि सगळ्यांना वाटत होतं की पोरं खाली बसून ब्लॉक्स खेळतायत. पोरं ब्लॉक्सही खेळत असतात आणि ऐकतही असतात.

तर पुस्तक हातात घेतलं की मी पहिल्यांदा काय बघतो? आग लावली कोणी, ते.

सॅम्युइल मार्शाक ह्या रशियन कवीचं 'आग' नावाचं १९२३ सालचं एक जुनं पुस्तक आहे. आई बाजारात जाते, जाताना मुलीला आगीशी खेळू नको म्हणून बजावते, मुलगी शेगडीचं दार उघडते, निखारा उडतो आणि घर पेटतं. कुझ्मा नावाचा जवान येऊन तिला वाचवतो आणि मग मांजरालाही वाचवतो. पद्य म्हणून मार्शाकला तोड नाही, रशियात पिढ्यान्‌पिढ्या पोरं त्यावर वाढली. 'फायरमन सॅम' ही वेल्समधली मालिका १९८७ मध्ये सुरू झाली, तिची पुस्तकं आपल्याकडेही मिळतात. त्यात नॉर्मन नावाचा वांड पोरगा आहे, आणि गावात काही पेटलं, अडकलं, बुडालं तर बहुतेक वेळा मागे नॉर्मनच असतो. आपल्याकडची 'बोधपर' पुस्तकं तर विचारूच नका. आईचं ऐकलं नाही, काडी ओढली, भडका उडाला, पुन्हा असं करणार नाही, समाप्त.

आपल्याला ह्यात बरंच वाटतं. मुलगा काड्यापेटीपासून लांब राहील, चांगलंच की! पण जरा त्या मुलाच्या उंचीवर बसून बघा. त्याला कळलेलं गणित असं: आग लागते तेव्हा कोणीतरी वाईट वागलेलं असतं, आणि ते कोणीतरी म्हणजे लहान मूल. आता समजा खरोखरच घरात धूर झाला. शॉर्ट सर्किट असेल, शेजारच्या गाळ्यातून आला असेल, काहीही असेल. हे पोर काय करेल? आपल्याला वाटतं पळत सुटेल. पण लहान मूल पुष्कळदा पळत नाही, ते लपतं. पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे, संडासात. जगभरातली अग्निशमन दलं हे कानीकपाळी ओरडून सांगतात, आणि म्हणूनच धुराने भरलेल्या घरात शिरलेला जवान पलंगाखाली आणि कपाटात हात घालून चाचपतो. मूल घाबरून लपतं हे तर आहेच. पण 'आता मला ओरडा बसणार' म्हणूनही लपतं. कपबशी फुटली की सोफ्यामागे कोण जातं ते आपण रोज बघतोच. आणि बोधपर पुस्तक नेमकं त्याच आगीत तेल ओततं (हा विनोद होऊन गेला, राहू दे).

गंमत म्हणजे हे लपण्याचं प्रकरण टॉलस्टॉयला ठाऊक होतं. हो, तोच, 'वॉर अँड पीस'वाला. १८७० च्या दशकात त्याने शेतकऱ्यांच्या पोरांसाठी वाचनमाला लिहिली, तिच्यात लंडनमधल्या आगीच्या कुत्र्यांची एक पानभराची गोष्ट आहे. ती सुरूच इथून होते की आगीत मुलं घाबरून लपतात आणि गप्प बसतात, धुरात दिसत नाहीत, म्हणून त्यांना शोधायला कुत्रे तयार केले आहेत. मग बॉब नावाचा कुत्रा येतो, ह्या पठ्ठ्याने आधीच बारा मुलं वाचवलेली असतात. तो एका छोट्या मुलीला बाहेर आणतो, आणि लोक त्याचं कौतुक करत असतानाच परत आत पळतो. आत अजून कोणी आहे की काय म्हणून सगळे श्वास रोखून बघतात, तर बॉब बाहेर येतो तो तोंडात बाहुली घेऊन. गोष्ट संपली. माझ्याकडे हिचं पुस्तक नाही, मी ती तोंडी सांगतो, आणि आजवर बाहुलीपाशी पोरं हसली नाहीत असं झालेलं नाही. आग कशी लागली, कोणाची चूक, ह्यावर टॉलस्टॉय एक शब्द खर्च करत नाही. एवढा मोठा उपदेशक माणूस, पण इथे गप्प बसला. मला विचाराल तर दीडशे वर्षं जुनी ही गोष्ट आजच्या चकचकीत पुस्तकांपेक्षा कामाची आहे.

दुसरी गोष्ट, मास्क.

बहुतेक पुस्तकांतला अग्निशामक गोरापान, हसरा, गोबऱ्या गालांचा असतो. डोक्यावर पिवळं हेल्मेट, बाकी चेहरा पूर्ण दिसतो. आगीत शिरलेला खरा माणूस असा दिसत नाही. त्याच्या तोंडावर काच असते, पाठीवर नळकांडं असतं, डोळे धड दिसत नाहीत, हातात टॉर्च असतो आणि श्वासाचा आवाज स्टार वॉर्समधल्या डार्थ व्हेडरसारखा येतो. अंधारात, धुरात, असा प्राणी पलंगाखाली वाकून बघतोय. तुम्ही चार वर्षांचे असता तर काय केलं असतं? अजून आत सरकला असता. म्हणून माझा नियम असा की पुस्तकात मास्क घातलेल्या माणसाचं एक तरी मोठं चित्र हवं, आणि शक्यतो तोच माणूस आधी मास्कशिवाय आणि मग मास्क चढवताना दिसायला हवा. तिघांना ओळखता येतं की हा मघाचाच मिशीवाला काका. (जाता जाता: त्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो असं बरीच पुस्तकं ठोकून देतात. त्यात साधी हवाच असते, दाबून भरलेली. आपण घेतो तीच. पोरांना हे फार आवडतं, "म्हणजे तो पाठीवर हवा घेऊन जातो?")

ह्या पानासाठी एक युक्ती सांगतो. स्टीलचा पेला तोंडावर धरून वाचा. "मी बंबावरचा काका आहे, ये माझ्याकडे," एवढंच, घुमणाऱ्या आवाजात, मध्ये एक लांब श्वास. पहिल्या वेळी आमच्या खालच्या मजल्यावरची एक चिमुरडी रडवेली झाली. मी पेला काढून दाखवला, परत लावला, परत काढला. तिसऱ्या रविवारी पेला तिच्या तोंडावर होता आणि ती मला पलंगाखालून बाहेर बोलवत होती. पुस्तक मोठ्याने वाचायचा फायदा हाच. चित्र एकटं जे करू शकत नाही ते आवाज करतो.

ज्वाळांबद्दलही माझं भांडण आहे. चित्रकाराला ज्वाळा काढायला आवडतात, नारंगी-पिवळ्या, सुंदर. धूर काढला तर बाकीचं चित्र झाकलं जातं ना! त्यामुळे पुस्तकातल्या आगीत ज्वाळा भरपूर आणि धूर मात्र धुराड्याएवढा. प्रत्यक्षात माणसं जास्त करून धुराने मरतात, आणि धूर वर जातो म्हणून जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा उरते. रांगत बाहेर जायचं, एवढं एक जरी पुस्तकात दिसलं तरी पैसे वसूल. 'थांबा, पडा, लोळा' हेही काही परदेशी पुस्तकांत असतं, पण ते अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर. चार वर्षांचं मूल हा फरक लक्षात ठेवत नाही, आग हा शब्द ऐकला की जागच्या जागी लोळायला लागतं. आमच्याकडे पाचही जण लोळले होते. धुराने भरलेल्या खोलीत लोळत बसलेलं मूल काय कामाचं? तर त्या वयाला ते पान मी उलटून टाकतो, रांगायचं तेवढं ठेवतो.

आमच्या आयटीवाल्यांची गंमत बघा. प्रॉडक्शनला काही बोंबललं की आम्ही त्याला 'फायरफायटिंग' म्हणतो, छाती काढून. आणि खऱ्या फायर ड्रिलला काय करतो? अलार्म वाजला की आधी लॅपटॉप लॉक, मग बॅग भर, मग लिफ्टपाशी गर्दी, मग खाली टपरीवर कटिंग. माझी चार वर्षांची लेक ह्या बाबतीत माझ्या अख्ख्या टीमपेक्षा पुढे आहे. ती रांगते तरी.

बरं, आता त्या परदेशी पुस्तकांमधल्या परदेशी सामानाकडे येऊ. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला डाल्मेशियन कुत्रा, घसरायचा खांब आणि फुटपाथवरचा तो लाल बुटका नळ. हे तिघे असल्याशिवाय इंग्रजी बंबपुस्तक छापतच नाहीत बहुधा. कुत्रा आला घोड्यांमुळे. बंब घोडे ओढायचे तेव्हा हे कुत्रे घोड्यांच्या बरोबरीने पळत, रस्ता मोकळा करत. घोडे गेले, कुत्रा चित्रात राहिला. खांब १८७८ चा, शिकागोतला, कृष्णवर्णीय जवानांच्या एका तुकडीने काढलेली शक्कल. वरच्या मजल्यावरून खाली यायला जिन्यापेक्षा झटपट. ह्या दोन्ही गोष्टी मी पोरांना सांगतो आणि त्यांना मजा येते. पण नळ? नळाशी गाडी अडली. "ही लाल बाटली रस्त्यावर कोण विसरलं?" असा प्रश्न आला. सांगितलं की ह्यातून बंबाला पाणी मिळतं, जमिनीखालून. तर पाच वर्षांचे एक चिरंजीव म्हणाले, "मग टँकर कुठेय?"

बरोबर आहे त्याचं. वसई-विरारमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या जगात पाणी टँकरने येतं. पाणी रस्त्यातून उगवतं हे त्याला डायनोसॉरपेक्षाही अद्भुत. म्हणून मला गेल गिबन्सचं 'फायर! फायर!' हे १९८४ चं पुस्तक आवडतं. वागायला शिकवत नाही, कामाची पद्धत दाखवतं. शहरातल्या इमारतीची आग वेगळी, खेड्यातली वेगळी, जंगलातली वेगळी, बंदरावरची वेगळी, आणि प्रत्येक ठिकाणी पाणी कुठून आणायचं हाच निम्मा प्रश्न. अमेरिकन आहे, पण ते वाचताना "आणि आपल्याकडे?" असं विचारायला जागा राहते. मग आम्ही आपल्याकडचं बोलतो. तुंगारेश्वरला वणवा लागला तर डोंगरावर बंब चढणार कसा? चढत नाही. तिथे माणसं ओल्या फांद्यांनी झोडपून विझवतात, आणि उन्हाळ्याआधी जाळरेषा काढून ठेवतात, म्हणजे गवताचा पट्टा आधीच जाळून किंवा काढून टाकायचा, की पुढे आगीला खायला काही उरत नाही. आणि केमिकलच्या गाळ्याला? तिथे कधीकधी नुसतं पाणी चालत नाही, फेस मारावा लागतो. फेस म्हटल्यावर पोरांचे डोळे बघायचे. साबणाचा? तसाच काहीसा!

उलट 'क्युरियस जॉर्ज'सारखं पुस्तक. १९४१ चं, माकडाचं, जगप्रसिद्ध. माकड फोनशी खेळताना चुकून बंब बोलावतं, जवान धावत येतात, आग नसते, आणि माकडाला तुरुंगात टाकतात. मोठ्यांना विनोद वाटतो, सात वर्षांच्या मुलालाही वाटतो. पण बंबाचं पहिलंच पुस्तक म्हणून हे? १०१ किंवा ११२ फिरवला की तुरुंग, असा निष्कर्ष काढायला चार वर्षांचं डोकं मोकळं असतं. खोटा फोन करू नये हे शिकवायला पुढे अख्खं आयुष्य पडलंय.

आता भाषेचा मामला. इंग्रजी पुस्तक समोर, तोंडाने मराठी, ही कसरत आपण सगळेच करतो. इथे एक सल्ला: 'अग्निशमन दलाचे जवान' असं वाचू नका. तो शब्द सरकारी पाटीवर शोभतो, पांघरुणात नाही. बंब म्हणा. काय शब्द आहे! पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप, त्यातून आलेला. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज वसईत होते, किल्ला ठेवून गेले आणि हा शब्दही मराठीला देऊन गेले. वर तो दोन ठिकाणी कामाला लागला, आगीच्या गाडीला आणि आजीच्या घरच्या पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाला. एकात पोटात आग आणि भोवती पाणी, दुसऱ्यात पोटात पाणी आणि भोवती आग. हे कोडं म्हणून घाला पोरांना. जुने मुंबईकर फायर स्टेशनला बंबखाना म्हणायचे, तोही शब्द वापरून बघा. आणि आवाज! धडधडा पेटली, तडतड तडकली, लाह्यांसारखी, धुराचे लोट उठले, पाणी पडलं चर्रर्र, फस्स्स. इंग्रजी मजकुरात बिचाऱ्यांकडे सायरनचं एक नी-नॉ असतं. आपण श्रीमंत आहोत, उधळपट्टी करा.

पण मराठीत एक अडचण आहे, ती मजेची आहे. इंग्रजीत 'फायरफायटर' म्हटलं की भागतं. मराठीत क्रियापद सोडत नाही. शिडीवर 'चढला' की 'चढली'? चित्रात हेल्मेट, कोट, बूट, काच, काहीच कळत नाही, आणि आपण बिनदिक्कत 'चढला' वाचतो. सुरुवातीला मीही तसंच वाचायचो, सगळेच वाचतात. मग एकदा लेकीने विचारलं, "ही ताई नाही कशावरून?" कशावरूनच नाही! नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात २००२ मध्ये हर्षिनी कान्हेकर शिकायला गेल्या आणि देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक झाल्या. मुंबईच्या दलातही आता बायका आहेत. तेव्हापासून आमच्याकडे एक पान तो, एक पान ती. कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि हेच हवं होतं.

शेवटचं पान मी दुकानात उभ्या-उभ्या आधी बघतो. आग विझली, टाळ्या, पदक, संपलं, असं असेल तर परत ठेवतो. मला त्यानंतरचं पान हवं. ओली नळी जमिनीवर सरळ करून, पाणी काढून, गुंडाळतायत. टाकी परत भरतायत. कोणीतरी काळवंडलेलं तोंड धुतंय, कोणीतरी चहा ओततंय. ह्याचं कारण असं की मुलाच्या मनात आग पुस्तक मिटल्यावरही चालू राहते. नळी गुंडाळलेली दिसली की त्याला कळतं, आता झालं, परत काही पेटणार नाही, लोक घरी निघाले. आमच्याकडे ह्या पानावर चादरीची गुंडाळी करायची पद्धत पडलीये आणि त्यानंतर झोप लवकर लागते, हा निव्वळ स्वार्थही त्यात आहेच.

आणि जे परत येत नाहीत त्यांचं काय? हा प्रश्न येतोच, सहाव्या-सातव्या वर्षी. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन हे जहाज पेटलं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा! बंबवाले विझवत असतानाच स्फोट झाले आणि त्यांच्यातले ६६ जण गेले. दर वर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो म्हणूनच. आणि ९ मे २०१५ ला काळबादेवीत गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली, त्यात मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गमावले. हे मी चार वर्षांच्या मुलाला सांगत नाही. त्याला अजून 'गेले' म्हणजे ऑफिसला की कुठे, तेच कळत नसतं. पण सात वर्षांच्या मुलाने सरळ विचारलं तर मी 'ते नेहमी वाचतात' असंही म्हणत नाही. शाळेत सप्ताहाचा कार्यक्रम झाला की त्याला कळणारच आहे, आणि मग आपली बाकीची वाक्यंही तो तपासायला लागेल. रांगत बाहेर ये, लपू नकोस, मास्कवाल्या माणसाकडे जा, ही वाक्यं त्याने तपासत बसावं असं मला वाटत नाही. ती मुकाट्याने मानायची आहेत.

काही मित्रांचं म्हणणं असतं, एवढा विचार करून गोष्ट वाचायची तर मग मजा काय राहिली? मुलाला लाल गाडी आवडते, दे लाल गाडी. मला पटत नाही. मजा कमी करा असं मी कुठे म्हणतोय? पेला, फेस, बाहुली, चर्रर्र, हे सगळं मजेचंच आहे. फक्त ज्या मजेची किंमत एखादं मूल पलंगाखाली बसून चुकवेल ती नको. आणि ज्या गावात बंबाचा सायरन महिन्यातून कधी ना कधी ऐकू येतो तिथे तर नकोच नको.

आता राहिला प्रश्न असं पुस्तक मराठीत कोण काढणार. मराठी घर चित्रात कसं उतरवायचं ते आपल्याला शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. माधुरी पुरंदऱ्यांची 'यश' किंवा 'राधाचं घर' काढून बघा, त्यातली माणसं आपल्या जिन्यात भेटणारी आहेत. तसा एक बंब हवा. आणि मोठ्या प्रकाशकाची वाट बघायलाच हवी असं नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून खुल्या परवान्यातल्या गोष्टी आणि चित्रं पडून आहेत, कोणीही भाषांतर करावं, नवीन गोष्ट रचावी. आपल्यासारख्या शनिवारी संध्याकाळी सिरीज बघत लोळणाऱ्या जनतेने दोन तास काढले तरी काम पुढे सरकेल.

मी आमच्या कामणचं एक जुळवतोय. चित्रं मला येत नाहीत, सध्या डबे-चौकोन काढलेत. गाद्यांच्या गाळ्याला आग लागते, कोणाच्याही चुकीने नाही. वॉचमन फोन करतो. पुढची तीन पानं मी चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरच्या ट्रॅफिकला दिली आहेत, कारण ते आमच्याकडचं खरं नाट्य आहे: कंटेनर मागे घ्या, रिक्षा बाजूला घ्या, खड्डा, पुन्हा कंटेनर. मग मास्क, मग धूर, मग गाळ्याच्या पोटमाळ्यावर लपलेला एक पोरगा, त्याला शोधणारी ताई.

पाण्याचं पान मात्र जमत नाहीये. बंबातलं पाणी काही हजार लिटरच असतं, नळी पूर्ण सोडली की बघता बघता संपतं, आणि मग टँकर भरून येईपर्यंत थांबावं लागतं. हे थांबणं चित्रात कसं दाखवायचं? लेकीने उपाय सांगितलाय: तिथे पुस्तक बंद करायचं आणि सगळ्यांनी मोठ्याने पन्नासपर्यंत मोजायचं. मला पसंत आहे. फक्त एकोणतीसनंतर ती परत वीसवर येते, त्यामुळे आमचा टँकर यायला बराच वेळ लागतो.